वळू नकोस, समोर बघ

गेल्या उन्हाळ्यात ऑफिसमधल्या एका डच सहकाऱ्याने मला छोट्या विमानातून फिरवून आणलं. चार जणांचं, एकाच इंजिनचं विमान. आपल्याकडच्या जुन्या फियाटला पंख लावले तर जेवढं होईल, तेवढंच. विमानतळ लेलीस्टाडचा. हा सगळा भाग म्हणजे समुद्र हटवून केलेली जमीन. धावपट्टीच समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली. म्हणजे उडाल्यावर आधी आपण समुद्राच्या पातळीला येतो आणि मग वर जातो!

धावपट्टीच्या तोंडाशी त्याने विमान थांबवलं आणि मोठ्याने स्वतःशीच काहीतरी बोलला. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. विचारलं तर म्हणाला, की उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं तर आपण काय करणार, ते तो ठरवत होता. नाक खाली घ्यायचं, समोर जे शेत दिसेल त्यात उतरायचं आणि काही झालं तरी धावपट्टीकडे मागे वळायचं नाही. हे तो प्रत्येक उड्डाणाआधी स्वतःला बजावतो, कारण वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो.

माझ्या पोटात गोळा आला, हे वेगळं सांगायला नको. पण उतरल्यावर कॉफी पिताना त्याने त्यामागचं गणित समजावलं. विमान चढत असताना नाक वर असतं, वेग कमी असतो, उंचीही कमी असते. अशा वेळी इंजिन थांबलं की वेग झपाट्याने घटतो. लगेच नाक खाली नेलं तर विमान दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून यावं तसं तरंगत येतं. पाचशे फुटांवर असलात तर साधारण सव्वा ते दीड किलोमीटर सरळ जाता येतं, हाताशी पाऊण मिनिटापेक्षा कमी वेळ असतो. पण माणसाचं मन मागे ओढतं. मागे पक्की धावपट्टी आहे, ओळखीची जागा आहे. म्हणून तो वळतो. वळताना विमान कलतं, उंची दुप्पट वेगाने जाते, पंखांना तोलून धरायला जास्त वेग लागतो आणि तोच तर शिल्लक नसतो. मग पंखावरचा हवेचा आधार सुटतो आणि विमान गरकन खाली येतं. समोरच्या शेतात उतरलेले बहुतेक वेळा मोडक्या विमानातून का होईना, चालत बाहेर येतात. उशिरा वळणारे बरेचदा येत नाहीत.

त्या विमानतळाला लागूनच आव्हियोड्रोम नावाचं विमानांचं संग्रहालय आहे. तिथे गेलो तर समोर फोकर! मी चटकन थांबलो. आमच्या वडिलांच्या पिढीला फोकर म्हणजे इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप. वर पंख, खाली मोठ्या लांबट खिडक्या, दोन पंख्यांची घरघर. फोकर हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला इतकी वर्षं नेदरलँड्समध्ये राहूनही नीट ठाऊक नव्हतं. मग वाचायला लागलो. आणि लक्षात आलं, की या माणसाचं सगळं आयुष्य म्हणजे बंद पडणाऱ्या इंजिनांचीच गोष्ट आहे.

आंतोन हर्मान गेरार्ड फोकर. घरचे आणि मित्र टोनी म्हणत. जन्म ६ एप्रिल १८९०, तोही नेदरलँड्समध्ये नाही, तर जावा बेटावरच्या ब्लिटारजवळ. वडील तिथे कॉफीचे मळेवाले. म्हणजे जन्मापासूनच हा माणूस आपल्यासारखा परमुलखातला. टोनी चार वर्षांचा असताना कुटुंब मायदेशी परतलं आणि हार्लेमला स्थायिक झालं. शाळेत त्याचं लक्ष कधीच लागलं नाही. माळ्यावर त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं होतं. मित्राला घेऊन त्याने पंक्चर न होणारं चाक बनवलं. वडिलांचे पैसे त्यात गेले आणि मग कळलं की तशा चाकाचं पेटंट आधीच कुणीतरी घेतलंय. शाळा अर्धवट सुटली. आपल्याकडे अशा मुलाला काय काय ऐकावं लागलं असतं, याची कल्पना वाचकांना आहेच!

वडिलांनी वैतागून १९१० मध्ये त्याला जर्मनीला मोटारींचं काम शिकायला धाडलं. तिथे माइन्त्स गावी विमान बांधण्याचा वर्ग होता. टोनीने मोटारी सोडल्या आणि विमान बांधायला घेतलं. त्याच्यापेक्षा वयाने बराच मोठा असलेला फ्रान्स फॉन डाउम नावाचा भागीदार इंजिनचे पैसे देणार, विमान टोनीने बांधायचं, असं ठरलं. पन्नास अश्वशक्तीचं इंजिन आणि भोवती तारांचं जाळं. म्हणून नाव पडलं स्पिन, म्हणजे डच भाषेत कोळी. डिसेंबरात त्याने त्यात जमिनीपासून थोडं वर उठून छोट्या छोट्या उड्या मारल्या आणि नाताळाला घरी गेला. मागे राहिलेल्या भागीदाराने विमान बाहेर काढलं आणि झाडावर घातलं. टोनीने दुसरा कोळी बांधला. त्यावर १९११ मध्ये त्याने वैमानिकाचा परवाना मिळवला. भागीदाराने तेही विमान मोडलं. टोनीने तिसरं बांधलं आणि या वेळी भागीदारी संपवली.

तिसरा कोळी घेऊन तो हार्लेमला आला. ३१ ऑगस्ट १९११, राणी विल्हेल्मिना यांचा वाढदिवस. गावातल्या मोठ्या चौकात सिंट बाव्होचं उंच चर्च आहे. एकवीस वर्षांच्या टोनीने त्या मनोऱ्याला विमानातून घिरट्या घातल्या. ज्या गावात शाळा सोडलेला मुलगा म्हणून ओळख होती, तिथे अख्खं गाव मान वर करून बघत होतं. मी हार्लेमला मुद्दाम जाऊन त्या चौकात उभा राहिलो. चारही बाजूंना अरुंद गल्ल्या, उतरती छपरं, बाजार. इंजिन तिथे थांबलं असतं तर उतरायला हातभर जागा नव्हती. एकच इंजिन, तेही त्या काळचं. विश्वास म्हणा, वेडेपणा म्हणा.

मायदेशाच्या लष्कराने त्याच्या विमानात फारसा रस दाखवला नाही. तो पुन्हा जर्मनीत गेला, १९१२ मध्ये बर्लिनजवळ योहानिस्टाल इथे कारखाना काढला आणि पुढच्या वर्षी तो श्वेरीनला हलवला. मग पहिलं महायुद्ध पेटलं आणि टोनीच्या विमानांना अचानक गिऱ्हाईक मिळालं.

इथून पुढचा भाग लिहिताना हात जरा अडखळतो. एप्रिल १९१५ मध्ये रोलाँ गारोस हा फ्रेंच वैमानिक जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये उतरला, कारण त्याचं इंजिन बंद पडलं. त्याने विमान जाळायचा प्रयत्न केला, पण ते पुरतं जळलं नाही. जर्मनांनी पाहिलं, तर त्याच्या पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवलेल्या होत्या. समोर गोळ्या झाडायच्या, पात्यावर आपटतील त्या पाचरीने बाजूला उडवायच्या, अशी ती युक्ती. विमान फोकरकडे आलं. फोकरच्या लोकांनी त्याहून चांगली व्यवस्था केली: पातं बंदुकीसमोर नसेल त्याच क्षणी गोळी सुटेल, अशी जोडणी थेट इंजिनशी केली. या कल्पनेची पेटंटं आधी इतरांनीही घेतली होती आणि त्यावरून फोकरच्या मागे कोर्टकज्जे लागले. त्याच्या हाताखालच्या तंत्रज्ञांचा वाटाही मोठा होता. पण नाव झालं फोकरचं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून पुढचे कित्येक महिने इंग्रज आणि फ्रेंच वैमानिक फोकरच्या विमानांना थरथर कापत होते. एका माणसाचं इंजिन बंद पडलं आणि त्यातून हवाई युद्धाचा चेहरा बदलला.

रिख्टहोफेन, ज्याला जग रेड बॅरन म्हणून ओळखतं, त्याचं तीन पंखांचं लाल विमान फोकरचंच. आणि या विमानाच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हवी. १९१७ च्या ऑक्टोबरात या जातीच्या विमानांचे वरचे पंख हवेतच मोडले आणि वैमानिक मेले. तपासणीत दिसलं की पंखांत ओल शिरली होती आणि बांधणी ढिसाळ होती. विमानं काही काळ खाली बसवली, पंख दुरुस्त केले. पुढच्या वर्षी फोकरच्या आणखी एका विमानाचे पंख तसेच मोडले. पुन्हा चौकशी, पुन्हा दुरुस्ती. कल्पना उत्तम, उडायला विमान झकास, पण लाकूड आणि सरस यांच्याकडे बारकाईने बघायचा कंटाळा. ही टोनीची खोड तेव्हापासूनची.

त्याचं सगळ्यात नावाजलेलं लढाऊ विमान म्हणजे डी-सेव्हन. ते इतकं चांगलं होतं की नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीत, जर्मनीने काय काय ताब्यात द्यायचं त्या यादीत, या विमानाचं नाव घालून उल्लेख आहे.

जर्मनी हरली. कारखान्याचं इंजिन बंद पडलं म्हणा ना! श्वेरीनमध्ये गोंधळ, क्रांतीची हवा, पैशाची किंमत घसरत चाललेली. तिथेच चिकटून राहिला असता तर सगळं गेलं असतं. टोनीने समोर शेत शोधलं आणि ते होतं त्याचं स्वतःचं गाव. कारखान्याचा माल त्याने रेल्वेच्या सहा गाड्यांमध्ये भरला आणि सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये आणला. दोनशेहून जास्त विमानं, चारशेच्या आसपास इंजिनं, असा हिशेब त्यानेच पुढे आत्मचरित्रात दिला आहे. त्याच्या सांगण्यानुसार, तपासणीसाठी गाडी बाजूच्या रुळांवर घेता येऊ नये म्हणून गाड्या मुद्दाम लांबलचक केल्या होत्या. माणूस सांगण्यात पक्का होता, तेव्हा थोडं मीठमसाल्यासकट घ्यावं. पण माल आला, हे खरं.

मायदेशी स्वागत सगळीकडे गोड नव्हतं. शेजाऱ्यांच्या युद्धात शस्त्रं विकून गबर झालेला, असं त्याच्याकडे बघणारेही होते. तरी जुलै १९१९ मध्ये त्याने अॅमस्टरडॅमला कारखाना सुरू केला. कंपनीच्या नावात त्याने स्वतःचं आडनाव घातलं नाही, नुसतं डच विमान कारखाना असं ठेवलं. का, ते समजण्यासारखं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केएलएम ही विमान कंपनी स्थापन झाली. तिचा प्रमुख आल्बर्ट प्लेसमन आणि फोकर यांचं फारसं कधी जमलं नाही, पण दोघांना एकमेकांशिवाय चालतही नव्हतं. भांडत भांडत संसार करणाऱ्या जोडप्यासारखं.

त्या काळात प्रवासी विमानंसुद्धा एका इंजिनची असत आणि ते वाटेत बंद पडणं ही बातमी नसे. वैमानिक कुरणात उतरे, गाई बाजूला होत, दुरुस्ती होई, नाहीतर प्रवासी आगगाडीने पुढे जात. हा देश सपाट म्हणून निभावून जाई. तेसुद्धा कुरणांमधले पाण्याचे चर चुकवले तर! चाक चरात गेलं की विमान नाकावर उभं.

पण १ ऑक्टोबर १९२४ ला केएलएमने एक धाडस केलं. फोकरचं एका इंजिनचं एफ-सेव्हन विमान अॅमस्टरडॅमहून थेट बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघालं. वैमानिक फान डर होप, बरोबर दोन साथीदार. तिसऱ्याच दिवशी बल्गेरियात, आजच्या प्लोव्हदिव्हजवळ, रेडिएटर गळायला लागला आणि इंजिन तापून कामातून गेलं. त्यांनी विमान जमिनीवर आणलं, मोडतोड झाली, माणसं वाचली. आता नवीन इंजिनचे पैसे कोण देणार? एका डच साप्ताहिकाने पुढाकार घेतला, इंजिन बल्गेरियाला पोचलं आणि महिन्याभराने ही मंडळी तिथूनच पुढे निघाली. कराची, अंबाला, अलाहाबाद, कलकत्ता असं करत २४ नोव्हेंबरला बटाव्हियाला उतरली. मागे वळून अॅमस्टरडॅमला आली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण मग हा प्रवास घडला नसता.

एका इंजिनवरचं असं उडणं आपल्याकडेही होतं. १९३० मध्ये आगाखान यांनी लावलेल्या बक्षिसासाठी जेआरडी टाटा आणि अॅस्पी इंजिनियर एकमेकांविरुद्ध इंग्लंड ते भारत या मार्गावर उडत होते. अॅस्पी स्पार्क प्लगसाठी इजिप्तमध्ये अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले आणि बक्षीस अॅस्पीने जिंकलं. एका प्लगवर जीव आणि जिंकणं-हरणं अवलंबून असण्याचे ते दिवस.

या भीतीवर उतारा फोकरने बाजारात आणला. १९२५ मध्ये तो अमेरिकेत होता. फोर्ड कंपनीने विमानांची एक भरवशाची कसोटी जाहीर केली होती: गावोगाव उतरत ठरलेल्या वेळात फेरी पूर्ण करायची. फोकरने अॅमस्टरडॅमला तार केली, की एफ-सेव्हनला एकाऐवजी तीन इंजिनं लावा. एक नाकावर, दोन पंखांखाली. काही आठवड्यांत विमान तयार, सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिलं उड्डाण आणि मग बोटीने अमेरिका.

तीनच का? दोन का नाहीत? त्या वेळच्या इंजिनांची ताकद अशी होती की दोनातलं एक गेलं तर उरलेल्या एकावर भरलेलं विमान तरत नसे. तीनातलं एक गेलं तर दोन तृतीयांश ताकद उरते, विमान पुढच्या धावपट्टीपर्यंत जातं. साधा हिशेब. फोकरने फोर्डच्या फेरीत तीन इंजिनांचं विमान असं मिरवलं की प्रत्येक गावी आधी तो पोचायचा, फोटो त्याचे, बातम्या त्याच्या. फेरी फोर्डची आणि जाहिरात फोकरची!

ते विमान फोर्ड कुटुंबाने विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी बर्ड त्यात बसून उत्तर ध्रुवाकडे गेला. तो खरंच ध्रुवावर पोचला का, यावर आजही वाद आहे. १९२८ मध्ये किंग्सफर्ड स्मिथ फोकरच्या तीन इंजिनी सदर्न क्रॉसमधून अमेरिकेहून पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलियाला गेला. हा महासागर विमानाने ओलांडणारे ते पहिले. त्याच जून महिन्यात अमेलिया इअरहार्ट अटलांटिक ओलांडून गेली, तीही फोकरमधूनच, प्रवासी म्हणून. केएलएमची जावाला जाणारी विमानसेवाही फोकरच्या तीन इंजिनांवरच उभी राहिली. टोनी चाळिशीच्या आत जगातल्या सगळ्यात मोठ्या विमान कारखानदारांपैकी एक झाला. अमेरिकेत कारखाने, जनरल मोटर्ससारखी भागीदार.

घरात मात्र सगळं बंद पडत होतं. पहिली बायको सोफी १९२३ मध्ये घटस्फोट घेऊन गेली. दुसरी व्हायोलेट, १९२७ मध्ये लग्न. पण टोनी कामात, प्रवासात. फेब्रुवारी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या उंच घराच्या खिडकीतून पडून ती गेली. त्यावर तेव्हा बरंच छापून आलं. आपण त्यात शिरू नये. एवढंच म्हणता येईल, की विमानाचं इंजिन जरा अडखळलं तरी ज्याला लगेच ऐकू यायचं, त्याला घरातलं ऐकू आलं नव्हतं.

आणि मग ३१ मार्च १९३१. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फोकरचं तीन इंजिनी प्रवासी विमान कोसळलं. आठही जण ठार. त्यात नूट रॉकनी होता, अमेरिकी फुटबॉलचा अतिशय लाडका प्रशिक्षक. आपल्याकडे एखादा मोठा क्रिकेटपटू जावा तसा देश हळहळला. तिन्ही इंजिनं होती, त्यांचा काही उपयोग नव्हता. पंखच तुटला होता. लाकडी पंख, आत ओल शिरलेली, सरस सुटलेला. १९१७ ची तीच गोष्ट. फरक एवढाच, की आता मेलेले सैनिक नव्हते, तिकीट काढून बसलेले प्रवासी होते.

अमेरिकन सरकारने त्या जातीची विमानं खाली बसवली. पंखांची आतून तपासणी करायची तर बाहेरचं प्लायवुड काढायचं, आणि तो खर्च कुणाला परवडणार? लाकडी प्रवासी विमानांचा काळ अमेरिकेत तिथेच संपत आला. त्याच वर्षी फोकर त्या कंपनीतून बाहेर पडला. ज्या माणसाने इंजिन बंद पडण्याच्या भीतीवर इलाज विकून नाव कमावलं, त्याचं नाव पंखाने बुडवलं. इंजिन थांबलं तर तरंगत खाली येता येतं. पंख गेला तर काहीच हातात राहत नाही. ती सूचना त्याला चौदा वर्षं आधी मिळाली होती.

तीन इंजिनं म्हणजे काळजी मिटली, असंही नव्हतं. इंजिनं तिप्पट म्हणजे बिघडायच्या जागाही तिप्पट. १९३५ च्या मे महिन्यात सदर्न क्रॉस ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडकडे निघालं असताना मधल्या इंजिनच्या एक्झॉस्टचा तुकडा उडून उजव्या पंख्याला लागला. ते इंजिन बंद करावं लागलं. मग डाव्या इंजिनचं तेल संपत आलं. बिल टेलर नावाचा सहवैमानिक खाली समुद्र, वर वारा अशा स्थितीत बाहेर पंखाखालच्या दांडीवरून सरकत गेला, बंद इंजिनमधलं तेल थर्मासमध्ये काढलं आणि चालू इंजिनात ओतलं. असं पुन्हा पुन्हा. इथे मात्र ते मागे वळले होते आणि सुखरूप परतलेही. कारण वळले तेव्हा हाताशी वेग होता, उंची होती, दोन इंजिनं होती.

त्याच वर्षी १४ जुलैला स्किफोलवर उलट घडलं. केएलएमचं क्विकस्टार्ट हे फोकरचं चार इंजिनी विमान उडाल्या उडाल्या डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं गेली. उंची नव्हतीच. विमान कोसळलं, पेटलं, सहा जण गेले. माझ्या सहकाऱ्याचं ते छोटं विमान असो की चार इंजिनांचं मोठं, जमीन सोडल्यानंतरचं पहिलं मिनिट तेच असतं.

तोपर्यंत अमेरिकेत डग्लस कंपनीची सगळी धातूची विमानं आली होती. केएलएमने ती घेतली. टोनीमधला व्यापारी जागा होता, त्याने युरोपात ती विकायचे हक्क मिळवले. पण त्याचा अॅमस्टरडॅमचा कारखाना लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांतच राहिला. १९१९ मध्ये जे त्याला जमलं होतं, ते आता जमलं नाही. जुनं इंजिन थांबलंय हे मान्य करून समोरचं शेत धरायचं, ते राहूनच गेलं.

२३ डिसेंबर १९३९ ला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मेंदूज्वराने तो गेला. वय एकोणपन्नास. युरोपात दुसरं युद्ध पेटलेलं होतं. त्याच्या अस्थी नेदरलँड्सला आणल्या आणि हार्लेमजवळ ड्रीहाउसच्या वेस्टरव्हेल्ड स्मशानभूमीत ठेवल्या. जावा, हार्लेम, जर्मनी, अॅमस्टरडॅम, अमेरिका आणि शेवटी पुन्हा हार्लेमच्याच शेजारी. फ्रेंडशिप विमान आलं ते त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९५५ मध्ये. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्यातून प्रवास केला ते त्याने पाहिलंही नाही. कंपनी पुढे १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

मी त्याला थोर म्हणणार नाही. युद्धात त्याने जे विकलं त्याने कितीजणांची पोरं गेली. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेण्यात त्याला संकोच नसे. पण वाचून झाल्यावर मनात राहिलं ते हे, की इंजिन बंद पडण्याने तो कधी संपला नाही. भागीदाराने दोनदा विमान मोडलं, कारखान्याचा देश हरला, प्रत्येक वेळी त्याने समोर पाहिलं. संपला तो जे बारीकसारीक तपासायचं टाळलं, त्यामुळे.

परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या घरी एक चर्चा चालू असते. आमच्याकडेही आहे. नोकरी गेली तर? आईबाबांना बरं नसलं तर? परत जायचं की राहायचं? नोकरी हातून गेलेल्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, घाबरून हा निर्णय घेणारे मी पाहिलेत. काहींचं निभावलं, काहींचं दोन्हीकडचं गेलं. परत जाणं चूक नाही. फोकरही परत आला होता, पण सहा गाड्या भरून आला होता! उंची असेल तर वळता येतं. उंची नसेल तर समोरचं शेत बरं, मग ते कितीही अनोळखी असो.

आणि कोणती उंची पुरेशी, हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवावं. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी एका रविवारी चहा घेऊन बसून ते कागदावर लिहून काढलं. किती महिन्यांचे पैसे बाजूला, कुणाचं आजारपण आलं तर कोणी आधी निघायचं, मुलांच्या शाळेचं काय. अर्ध्या पानाचा कागद आहे, फ्रिजवर चिकटवलाय. आईला फोनवर वाचून दाखवला. तिला वाटलं होतं आम्ही हा विषय टाळतोय. ऐकून तिला जरा बरं वाटलं.

लेलीस्टाडला आलात तर संग्रहालयात जरूर जा. फोकरचं ते विमान बघा, आणि पंखाच्या लाकडाकडेही जरा जवळून बघा.